भिंत उघडून दाखवणाऱ्या बाया

जेवणं आवरली असतील, भांडी घासायची राहिली असतील तर घासता घासता ऐका. आज बचतीच्या हिशोबाविषयी बोलणार नाही. आज एक जुनी गोष्ट सांगणार आहे, आपल्याच भागातली, घर बांधण्याची.

झालं असं, की गेल्या महिन्यात एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, आणि निघता निघता एका ताईनं घरकुलाचा विषय काढला. तिचं घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ता खात्यावर आला. जुनं घर पाडलं. गवंड्याला उचल दिली. त्यानं पाया खणला, चार थर दगड लावले, आणि दुसऱ्या गावाला दुसरं काम धरून बसला. फोन उचलत नाही. लेकरं दिराच्या पडवीत झोपतात आणि पावसाळा तोंडावर आलेला. ताई म्हणाली, "बांधकामात कुणावर भरवसा ठेवूच नाही बघा. गवंडी असू द्या, ठेकेदार असू द्या, नाहीतर साहेब असू द्या."

सगळ्या बायांनी माना हलवल्या. मीही हलवली. कुणी सिमेंटच्या पोत्याची गोष्ट सांगितली, कुणी गळक्या स्लॅबची. प्रत्येकीकडे एकेक होतीच. पण घरी येताना एसटीत बसल्यावर मला माझी मोठी आई आठवली, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सातवी शिकलेली बाई. तिच्यावर एकेकाळी अख्ख्या गावानं घराच्या बाबतीत भरवसा ठेवला होता. तो भरवसा तिला कुणी फुकट दिला नव्हता. तो तिनं कसा मिळवला, ते आज सांगते.

त्यासाठी मागं जावं लागेल. ३० सप्टेंबर १९९३. गुरुवारची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. माणसं मिरवणुकीहून थकून येऊन गाढ झोपलेली. चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर, आणि त्यांच्या आसपासची गावंच्या गावं मातीला मिळाली. सुमारे आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा तीन वर्षांची होते. मला काही आठवत नाही, पण आमच्या घरात ती रात्र इतक्या वेळा सांगितली गेली, की मला ती पाहिल्यासारखी वाटते.

एक गोष्ट लक्षात घ्या. धरणीकंप मोठा होता, पण जगातल्या मोठ्या भूकंपांत त्याची गणती होत नाही. रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर. मग इतकी माणसं का गेली? माणसं मारली ती घरांनी.

आपल्या मराठवाड्यातलं जुनं घर तुम्हाला माहीत आहे. दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत, कुठं कुठं त्याहूनही जास्त. दगडात सिमेंट नाही, चुना नाही, नुसता मातीचा गारा. वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. वर्षानुवर्षं माती चढत जायची. उन्हाळ्यात घर गार, थंडीत ऊबदार. माझे आजोबा भिंतीवर थाप मारून म्हणायचे, "तोफ लागली तरी हलणार न्हाई." भिंत जितकी जाड तितकं घराणं मोठं, असा हिशोब होता.

पण त्या जाड भिंतीच्या पोटात काय होतं? आतल्या बाजूनं एक दगडांची रांग, बाहेरच्या बाजूनं दुसरी रांग, आणि मध्ये बारीक दगड-माती भरलेली. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. बाहेरून दिसायला एक भिंत, खरं म्हणजे शेजारी शेजारी उभ्या दोन पातळ भिंती. जमीन हलली तशी बाहेरची रांग बाहेर फुगली, आतली रांग आत झोपलेल्या माणसांवर आली, आणि वरून माळवदाची माती. कित्येक घरांत लाकडाचे खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती तेवढ्या गेल्या. आणि ज्या गरिबांच्या झोपड्यांना गवताचं किंवा पत्र्याचं हलकं छप्पर होतं, त्यातली बरीच माणसं वाचली. जाड भिंतीचा मान असलेली घरं गेली आणि कुडाच्या झोपड्या राहिल्या. हे लोकांच्या मनाला फार लागलं.

अजून एक. देशाच्या भूकंपाच्या नकाशात तेव्हा आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. खरं तर आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीच्या लोकांना धक्के जाणवले होते. लोक घाबरून बाहेर झोपले होते. पुढं धक्के थांबले आणि माणसं घरात परतली. म्हणजे भिंतीवरचा विश्वास गेला, गवंड्यावरचा गेला, आणि 'इथं काही होत नाही' या ऐकीव गोष्टीवरचाही गेला. नकाशा नंतर २००२ साली बदलला. त्यात आपला भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला.

आमचं गाव उमरग्याच्या बाजूचं. आमच्याकडे घरं पूर्ण पडली नाहीत. भिंतींना तडे गेले, कोपरे उकलले, काही ठिकाणी एक बाजू ढासळली. पण कुणी आत झोपायला तयार नाही. आजी सांगायची, दोन हिवाळे आम्ही अंगणात पालाखाली काढले. घर समोर उभं, आणि माणसं बाहेर. स्वयंपाक तेवढा आत करायचा, तोही एक डोळा आढ्याकडं ठेवून.

सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीनं पुनर्वसनाचं मोठं काम काढलं. जी गावं पूर्ण गेली त्यातली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. आणि आमच्यासारखी जी गावं उभी होती, तिथं घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं ठरलं. हे काम लहान नव्हतं. बरेच जिल्हे आणि दोन लाखांच्या आसपास घरं. नुकसान कमी असेल तर १७ हजार रुपये, जास्त असेल तर ३४ हजार. पैसे हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या खात्यावर. ठेकेदार नाही. घरमालकानंच गवंडी लावायचा, माल आणायचा, काम करून घ्यायचं, आणि इंजिनिअरनं येऊन तपासलं की पुढचा हप्ता. आज घरकुलाची जी पद्धत आपण पाहतो, तिच्याशी हे बरंच जुळतं.

कागदावर छान होतं. गावात काम हलेना. का हलेना, तर विश्वासच नव्हता. इंजिनिअर शहरातला तरुण पोरगा, नोकरीला नवा. तो म्हणायचा, याच भिंतीत थोडं काम केलं की ही पुढच्या भूकंपात टिकेल. लोक म्हणायचे, या भिंतीनं शेजारच्या गावात माणसं मारली, आणि हा म्हणतो तिच्यातच राहा. लोकांना दगड नकोच होता. गवंडी म्हणायचे, आमचे आजे-पणजे हेच काम करत आले, कालचं पोरगं आम्हाला शिकवतंय. आणि पैशाबद्दल तर रोज नवी अफवा. कुणी म्हणे पैसे परत घेणार, कुणी म्हणे अंगठा दिला की जमीन जाणार. पत्रक चावडीवर लावलेलं असायचं. चावडीवर पुरुष बसायचे. बाई तिथं कशाला जाते? आणि घरात दिवसभर वावरणार कोण, तर बाई. कुठं ओल येते, कुठल्या खणात माती गळते, कुठली तुळई वाळवीनं खाल्ली, हे तिला ठाऊक. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बायांना बांधकाम नवं होतं असं नाही हो. १९७२ चा दुष्काळ तुमच्या सासवांना विचारा. रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, सगळीकडे खडी फोडायला, माती वाहायला बाया होत्या. त्याच कामांतून पुढं रोजगार हमी आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. बाईच्या डोक्यावर घमेलं कायम होतं. पण टेप धरायला, मोजमाप लिहायला, 'हे काम बरोबर नाही' म्हणायला तिला कुणी उभं केलं नव्हतं. मस्टरवर तिचा अंगठा असायचा, शब्द नसायचा.

या दुरुस्तीच्या कामात ते पहिल्यांदा बदललं. लोकांचा सहभाग वाढवण्याचं काम सरकारनं 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडं दिलं. प्रेमा गोपालन या तिच्या संस्थापक. त्यांनी गावोगावच्या महिला मंडळांना हाताशी धरलं आणि गावातल्याच बाईला 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. हजाराहून जास्त गावांत अशा बाया काम करू लागल्या. काम काय? माहिती लोकांपर्यंत न्यायची, लोकांचं म्हणणं इंजिनिअरपर्यंत न्यायचं, आणि चाललेल्या कामावर लक्ष ठेवायचं. आमच्या गावात हे काम मोठ्या आईकडं आलं. का आलं, तर ती सातवी शिकली होती आणि घरातल्यांनी नाही म्हटलं नाही, इतकंच.

पहिल्या बैठकीत तिचं कुणी ऐकलं नाही. ती सांगायची, "मी उभी राहून बोलत होते आणि माणसं तंबाखू मळत होती." एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तू कधी वीट रचलीस का? मग आमाला कशी सांगतीस?" तिच्याकडं उत्तर नव्हतं. ती खाली बसली.

मग तिनं काय केलं? घरी आली आणि मोठ्या काकांना म्हणाली, पहिल्यांदा आपलीच भिंत उघडू. घरात भांडण झालं. सासू म्हणाली, उभी भिंत कशाला फोडतीस? पण ती हटून बसली. इंजिनिअरला बोलावलं, गावातल्या सगळ्यात जुन्या गवंड्याला बोलावलं, आणि ओसरीच्या भिंतीचे चार दगड काढले. दिवसाढवळ्या, गाव बघत असताना. आत हात घातला तर भुसभुशीत माती आणि मुठीएवढे दगड. कोपरापर्यंत हात आत गेला. तिनं एकेकाला बोलावून हात घालायला लावला. त्या म्हाताऱ्यालाही. तो गप्प झाला.

मैत्रिणींनो, मला वाटतं विश्वासाची सुरुवात तिथं झाली. 'माझं ऐका' असं ती म्हणाली नाही. तिनं आपल्याच घराचं वैगुण्य चारचौघांत उघडं केलं. चांगलं बोलणारे पुष्कळ असतात. पण स्वतःची भिंत आधी फोडणारं माणूस खोटं का बोलेल, असं लोकांना वाटलं.

मग काम सुरू झालं. काय काम होतं तेही ऐका, कारण ज्यांची घरं अजून दगड-मातीची आहेत त्यांना उपयोगी पडेल. भिंतीत ठरावीक अंतरावर दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. म्हणजे आतली आणि बाहेरची रांग एकमेकींना धरून राहते. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला घराभोवती आतून-बाहेरून लोखंडी जाळीचा पट्टा बसवायचा आणि त्यावर सिमेंटचा गिलावा करायचा. जसं आपण धान्याच्या कणगीला आवळ बांधतो तसं. कोपरे त्याच पद्धतीनं बांधायचे. माळवदावरची जादा माती उतरवून ओझं कमी करायचं. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरपा टेका द्यायचा. यात फार महागडं काही नाही. पण प्रत्येक काम नीट झालं तरच उपयोग, आणि वरून गिलावा केला की आतलं काहीच दिसत नाही. म्हणून गिलाव्याआधी बघणारं कुणीतरी लागतं.

ते बघण्याचं काम बायांनी केलं. मोठी आई ओळंबा धरायला शिकली, पाणसळ बघायला शिकली. वाळू काचेच्या बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवायची, खाली वाळू बसते आणि वर गाळाचा थर दिसतो. गाळ जास्त असेल तर ती वाळू परत. सिमेंटच्या पोत्यात हात घालून बघायचं, गाठी झाल्यात का. आणि सगळ्यात अवघड म्हणजे काँक्रीटला पाणी मारत राहणं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, जिथं प्यायचं पाणी दीड कोसावरून आणायचं, तिथं भिंतीला पाणी घाला म्हणून कुणाला सांगायचं? तिनं सांडपाणी गाळून वापरायची टूम काढली होती. इंजिनिअर म्हणाला, साबणाचं पाणी नको. मग भाज्या, तांदूळ धुतलेलं पाणी बाया वेगळं साठवू लागल्या, आणि पोत्याचं ओलं तरट काँक्रीटवर गुंडाळू लागल्या, म्हणजे पाणी कमी लागतं.

गवंड्यांशी मात्र तिनं वाकडं घेतलं नाही, हे मला विशेष वाटतं. त्या जुन्या गवंड्याला ती चारचौघांत कधी चूक दाखवत नसे. संध्याकाळी काम उतरल्यावर त्याच्या घरी जायची, चहा घ्यायची आणि म्हणायची, "दादा, तो पूर्वेचा कोपरा उद्या एकदा बघता का?" त्यालाही ठाऊक असायचं. दुसऱ्या दिवशी कोपरा परत उकलून नीट केलेला असायचा. काम चांगलं झालं की मात्र ती भर बैठकीत त्याचं नाव घ्यायची. पुढं तोच गवंडी शेजारच्या गावात जाऊन दुसऱ्या गवंड्यांना आरपार दगड का लागतो ते सांगायला लागला.

आता तिची चूक सांगते. तीच खरी सांगण्यासारखी आहे. एकदा तिनं पाच-सहा घरांना सांगितलं, की अमुक टप्पा झाला की दुसरा हप्ता येतो. त्यांनी उसनवारी करून तेवढं काम उरकलं. पण तपासणीला अजून एक काम बाकी होतं आणि हप्ता अडकला. ऐकताना तिची गल्लत झाली होती. त्यातलं एक घर विधवा बाईचं. तिनं सावकाराकडून व्याजानं पैसे काढले होते. गावात बोभाटा झाला. कुणी म्हणालं, हिनंच पैसे खाल्ले.

मोठी आई दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. काका म्हणाले, जाऊ नको, चार दिवसांनी लोक विसरतील. ती गेली. उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी हाय. इंजिनिअरसाहेबांची न्हाई, सरकारची न्हाई. मी नीट ऐकलं न्हाई आन् सांगून बसले." मग तिनं आपल्या मानधनातून त्या विधवा बाईचं त्या महिन्याचं व्याज भरलं. मानधन काही मोठं नव्हतं. आणि त्या दिवसापासून एक नवी रीत पाडली. तालुक्याच्या बैठकीत जे कळेल ते तिथंच वहीत लिहायचं, इंजिनिअरकडून वाचून घ्यायचं, आणि गावात आल्यावर मारुतीच्या देवळापाशी सगळ्यांसमोर जसंच्या तसं वाचायचं. कुणाला किती हप्ता आला, कुणाचं काय बाकी, तेही वाचायचं. स्वतःच्या घराचंसुद्धा.

ती वही मी पाहिली आहे. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. अक्षर मोठं, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. हिशोबाची चूक एकही नाही.

आता सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. दुरुस्तीचे पैसे घेऊन कित्येकांनी जुन्या भिंतीला हातच लावला नाही. अंगणात विटा-सिमेंटची एक खोली बांधली आणि तिच्यात झोपू लागले. जुनं घर तसंच धोक्याचं उभं राहिलं. लोकांची भीती इतकी खोल होती, की दगडावरचा विश्वास सगळ्यांना परत मिळाला नाही. आणि ज्या गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, तिथं घरं पक्की मिळाली, पण बऱ्याच गावांत घराचा नकाशा दुसऱ्याच कुणी काढलेला. शहरासारखे सरळ रस्ते, लांब लांब घरं. शेत दूर पडलं, गोठ्याला जागा नीट नाही, शेजारीण हाकेवर राहिली नाही. माणसं नंतर आपल्या पैशानं पडवी काढत राहिली, पत्रे टाकत राहिली. घर भक्कम असलं तरी बांधताना बाईला विचारलं नसेल, तर ते घर तिला आपलं वाटायला फार वर्षं लागतात.

पण एक गोष्ट राहिली. या कामातून पुढं आलेल्या बाया पुन्हा चुलीपुरत्या उरल्या नाहीत. त्यांनी बचत गट काढले, आरोग्याचं काम धरलं, पंचायतीत गेल्या. २६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडं गेल्या. भाषा येत नव्हती. पण भिंत का पडली आणि कशी उभी करायची हे दाखवायला त्यांना भाषेची फार गरज पडली नाही. पुढं २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतही इकडच्या बायांचा अनुभव कामी आला. ज्यांना एकेकाळी 'तू कधी वीट रचलीस का' म्हणून विचारलं, त्या बाया दुसऱ्या राज्यात जाऊन शिकवून आल्या.

तर मैत्रिणींनो, त्या घरकुलवाल्या ताईकडं परत येते. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. गटातल्या सहाजणी मिळून आम्ही गवंड्याच्या घरी गेलो. भांडायला गेलो नव्हतो, वही घेऊन गेलो होतो. तो आधी तोंड चुकवत होता. मग बोलता बोलता कळलं, की मागच्या कामाचे पैसे त्याला मिळाले नव्हते, बिगारी मजुरीसाठी दारात बसत होते, म्हणून त्यानं नव्या कामाची उचल जुन्या देण्यात घातली आणि पैशासाठी तिसरं काम धरलं. त्याचं वागणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. ताईच्या लेकरांचे हाल झाले ते झालेच. पण त्याची अडचण आम्ही कधी विचारली नव्हती, आणि त्यानं कधी सांगितली नव्हती. सगळा व्यवहार तोंडी, बांधावर उभं राहून झालेला.

त्या दिवशी आम्ही साध्या कागदावर लिहून काढलं. जोत्यापर्यंत काम झालं की इतके पैसे, दाराच्या उंचीपर्यंत इतके, स्लॅब झाला की इतके. उचल एकदम द्यायची नाही, पण टप्पा झाला की दुसऱ्या दिवशी पैसे हातात, एक दिवस उशीर नाही. माल ताई आणणार, पावती गटाच्या वहीत चिकटवणार. स्लॅबच्या आधी सळई बांधून झाली की ग्रामीण गृहनिर्माणच्या इंजिनिअरला दाखवायची आणि गटातल्या दोघींनी तिथं उभं राहायचं. गवंड्यानं सही केली, ताईनं केली, गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांनीही केली. ताईला मी म्हटलं, आता तुमच्या बाजूनं शब्द मोडू नका, नाहीतर त्याला काय बोलणार?

भिंती आता दाराच्या वर गेल्या आहेत. स्लॅब अजून पडायचा आहे. पाऊस थोडा लांबला तर बरं होईल. काम पूर्ण झालं की पुढच्या एखाद्या कार्यक्रमात सांगेन. नाही झालं तर तेही सांगेन.

भरवसा ठेवायचा नसतो असं ताई म्हणाली होती. मला वाटतं भरवसा ठेवावा लागतोच. एकटी बाई घर बांधू शकत नाही, आणि एकटा गवंडीही नाही. पण तो डोळे झाकून ठेवायचा नसतो. गिलावा होण्याआधी बघायचं, लिहायचं, सगळ्यांसमोर वाचायचं, आणि ज्या बाईला आपण पुढं केलं तिनं चुकलं तर चुकलं म्हणायचं. मोठ्या आईनं एवढंच केलं. ती मागच्या वर्षी गेली. तिचं ते घर अजून उभं आहे. ओसरीच्या भिंतीत जिथं चार दगड काढले होते, तिथला गिलावा जरा वेगळ्या रंगाचा दिसतो. काकांनी रंग मारताना तो तुकडा मुद्दाम तसाच ठेवला आहे.

तुमच्या गावात कुणाचं घरकुल चालू असेल, शाळेची खोली, अंगणवाडी, समाजमंदिर चालू असेल, तर या आठवड्यात गटातल्या दोघी-तिघी मिळून तिथं एक चक्कर मारा. वाळू बघा, पाणी मारतात का बघा. गवंड्याचं नाव विचारा, त्याची मजुरी वेळेवर मिळते का तेही विचारा. आणि काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवा.

येते. काळजी घ्या.